मतदान, लोकशाही आणि मानवी हक्क : गावागावांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की तालुक्याच्या वाचनालयात पेपर वाचणारे कमी आणि विचारणारे जास्त होतात. कोणी आर्णीहून फोन करतं, कोणी धानोऱ्याहून ग्रुपवर आवाजी मेसेज टाकतं, कोणी जिनिंगच्या गेटवर गाठतं. तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्याच्या बोलीत ठेवले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिसला तर तिकडे जा, तेच पुन्हा लिहिलेलं नाही.

१. मत देणं हा आपला हक्क आहे का सरकारची मेहरबानी?

हक्कच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचं कलम २१ सांगतं की सत्तेचा पाया लोकांची इच्छा आहे आणि ती ठरावीक काळाने होणाऱ्या खऱ्याखुऱ्या निवडणुकीतून, सर्वांना समान आणि गुप्त मताने व्यक्त झाली पाहिजे. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी ‘सर्व पुरुष’ असे शब्द येत होते. ‘सर्व माणसं’ व्हावं म्हणून भांडल्या त्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता.

आपल्या राज्यघटनेचं कलम ३२६ प्रौढ मताधिकार देतं. मात्र मतदानाचा हक्क कायद्याने मिळालेला आहे, भाषणस्वातंत्र्यासारखा मूलभूत नाही, असं सर्वोच्च न्यायालय १९५२ पासून सांगत आलं आहे. बूथवर उभ्या माणसाला या वादाने फरक पडत नाही. फरक पडतो तो यादीत नाव असण्याने.

२. वोटर कार्ड हाय, पण यादीत नावच नाही. मत टाकू देतील का?

नाही. हक्क यादीतल्या नावाचा आहे, कार्डाचा नाही. उलट असेल तर चालतं: नाव आहे पण कार्ड हरवलं, तर आधार, रोहयोचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँक पासबुक असं एखादं ओळखपत्र पुरतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. आता वर्षातून चार तारखांना (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर) अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला वेगळी यादी तयार होत नाही, विधानसभेचीच वापरतात. म्हणून सरपंचाच्या निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नसतो.

३. त्या दिवशीची मजुरी बुडते. मालक म्हणते, ‘जा, पण रोज कापीन.’

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार व्यापार, उद्योग किंवा इतर आस्थापनेतल्या कामगाराला लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे आणि रोजंदारीवाला त्यातून वगळलेला नाही. जिनिंग, वीटभट्टी, दुकान यांना हे सरळ लागू होतं. दंड मात्र फक्त पाचशे रुपयांपर्यंत, त्यामुळे मालक घाबरत नाहीत हेही खरं. निंदणीच्या शेतावर हे कलम दाखवून भांडण्यापेक्षा सकाळी सातला रांगेत लागा. गडचिरोलीच्या संवेदनशील भागात तर मतदान दुपारी तीनलाच संपतं, तिथे ‘संध्याकाळी पाहू’ चालत नाही.

४. पैसे घेतले, देवळात नेऊन शपथही घेतली. आता त्यालाच टाकावं लागते का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा बायाच विचारतात, तेही आवाज खाली करून.

कायद्यापुरतं बोलायचं तर पैसे देणं आणि घेणं दोन्ही लाच आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे घेऊ नका हे पहिलं. पण घेतले गेलेच, किंवा नवऱ्याने घेतले आणि शपथ तुम्हाला घ्यायला लावली, तर त्या शपथेला कायद्यात कवडीची किंमत नाही. तुम्ही कोणाला मत दिलं हे सांगायला कोर्टसुद्धा भाग पाडू शकत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ मध्ये तसं लिहिलेलं आहे. जे न्यायाधीशाला विचारता येत नाही, ते गावातल्या कार्यकर्त्याला तर मुळीच नाही.

गुप्त मत ही पद्धत याच दादागिरीवर उपाय म्हणून आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये सरकारने छापलेल्या चिठ्ठीवर आडोशाला खूण करायची सोय झाली. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत उघड सांगावं लागे आणि कूळ कोणाला मत देतं हे जमीनदार समोर उभा राहून बघे. कूळ कोणाचं नाव घेत असेल, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

देवाला घाबरत असाल तर आमच्या एका कीर्तनकार काकांचं उत्तर सांगतो: जबरदस्तीची शपथ ज्याने घ्यायला लावली त्यालाच लागते.

५. मशीनमधून मागाहून कळते म्हणतात, कोणी कोणाला टाकलं ते?

कळत नाही. मशीन बटणांची बेरीज ठेवतं, नाव ठेवत नाही. मशीनला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या डब्याच्या, म्हणजे व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव, क्रमांक आणि चिन्ह असतं, तुमचं नाही. ‘आम्हाले सगळं दिसते’ ही निव्वळ धमकी असते. बटण दाबल्याचा मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगत असतील तर केंद्रात मोबाइल चालत नाही एवढं सांगून मोकळं व्हा. एकट्या माणसाचं मत कळत नाही, पण वस्तीचं कळतं. ती अडचण खरी आहे, तिच्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

६. आमच्या पोडावर दीडशे मतं. निकालानंतर ‘तुमच्याकडून काहीच नाही आलं’ म्हणून हातपंप अडवला. मग गुप्त कुठं राहिलं?

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि याला आज पुरतं उत्तर नाही. मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि आकडे जाहीर होतात. मोठ्या गावात त्याने बिघडत नाही, पण कोलामांचं पोड, बंजाऱ्यांचा तांडा किंवा जंगलातला टोला यांचं एकच केंद्र असेल तर सगळ्या वस्तीचा कौल उघडा पडतो.

उपाय सुचवलेला आहे. ‘टोटलायझर’ नावाचं यंत्र अनेक केंद्रांची मशीन जोडून एकत्र बेरीज देतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये तो प्रस्ताव दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात पाठिंबा दिला, केंद्र सरकारने मान्य केला नाही. या यंत्राला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की केंद्रनिहाय आकडे असले तर गडबड पकडता येते. मला ते अर्धंच पटतं. गडबड पकडायचे इतर रस्ते आहेत, पोडावरच्या माणसाला लपायला दुसरी जागा नाही.

हातपंपाचं म्हणाल तर मतांवरून सार्वजनिक काम अडवता येत नाही. ग्रामसभेत ठराव मागा, गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. तरीही हलत नसेल तर प्रश्न १७.

७. साऱ्या दुनियेनं मशीन बंद केली, आपल्याकडंच काहून चालू हाय?

साऱ्या दुनियेने नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. मुद्दा घोटाळ्याचा नव्हता. तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला मोजणी स्वतः तपासता आली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. नेदरलँड्सही कागदावर परतलं. ब्राझील मात्र १९९६ पासून यंत्रं वापरतो आणि एस्टोनियात २००५ पासून घरबसल्या इंटरनेटवरून मत देता येतं. गांबियात बरीच वर्षं पत्र्याच्या रंगीत पिंपात काचेची गोटी टाकून मतदान होत असे. गोटी पडली की आत घंटी वाजायची, दोनदा वाजली की चोरी पकडली.

आपल्याकडे ईव्हीएम पहिल्यांदा १९८२ मध्ये केरळमधल्या परवूरला वापरलं, २००४ ची लोकसभा पूर्ण त्यावर झाली. विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून ताळा करतात. सगळ्याच मोजा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. आपल्या स्थानिक निवडणुकांत तर व्हीव्हीपॅट जोडलेलंच नसतं. जर्मन न्यायालयाचा प्रश्न गावातल्या माणसाने विचारला तर त्याला अडाणी म्हणू नये, एवढं माझं मत.

८. नोटाले सगळ्यात जास्त मतं पडली तर?

लोकसभा-विधानसभेत काही होत नाही, खालोखाल मतं मिळालेला उमेदवार निवडून येतो. ‘यापैकी कोणीही नाही’ हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आलं. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता.

एक अपवाद आपल्या महाराष्ट्रातला आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नगरपालिका-महानगरपालिकांच्या निवडणुकांसाठी आदेश काढला, की नोटाला काल्पनिक उमेदवार धरा आणि तो पहिला आला तर फेरनिवडणूक घ्या. तुमच्या निवडणुकीला काय लागू आहे ते तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारून घ्या, चौकातल्या चर्चेवर जाऊ नका.

९. मत नाही टाकलं तर दंड का नाही लावत?

काही देश लावतात. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे, राष्ट्रीय निवडणुकीत कारण न देता गैरहजर राहिलं तर वीस डॉलर. मतदान तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. पण तिथे मतदान शनिवारी असतं, टपालाने मत देता येतं, केंद्र बदलून देता येतं. सोय आधी केली, मग सक्ती. आपल्याकडे मिरचीच्या हंगामात निम्मी वस्ती बाहेर असते, त्यांना दंड कोणत्या तोंडाने लावायचा?

१०. आम्ही मिरची तोडाले तेलंगणात असतो. तिथून मत टाकता येते का?

येत नाही. टपाली मत सैनिक, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी अशा ठरावीक लोकांना आहे, मजुरांना नाही. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२-ड भरून घरून मत देता येतं. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांना दाखवायला आणलं, पक्षांनी शंका काढल्या, विषय तिथेच थांबला. फ्रान्समध्ये परदेशी राहणाऱ्या नागरिकांना संसदेत स्वतःचे ११ खासदार आहेत. आपला माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडली की मोजणीतून जातो.

दोन्हीकडे नाव ठेवू नका. तो गुन्हा होतो, आणि तिकडचा मुकादम ‘मी पाहतो’ म्हणाला तरी खटला तुमच्यावरच होईल.

११. बिनविरोध निवडणूक चांगली ना? भांडण नाही, वरून निधी भेटते.

खरोखर सगळे बसून ठरवत असतील तर चांगली. ‘सगळे’ म्हणजे कोण, एवढंच तपासा. पाराखाली बसलेल्या पंधरा माणसांत मजूर वस्तीचं कोणी होतं का? बाई होती का? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. बोली मंदिरासाठी होती, असं सांगितलं गेलं. मंदिरासाठी असो की रस्त्यासाठी, ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा उभं राहण्याचा हक्क बोलीत जातो. कोणी अर्ज मागे घ्यायला दमदाटी करत असेल तर तक्रार अर्ज माघारीच्या मुदतीच्या आत करा.

१२. बाई सरपंच, अन् सही-शिक्का नवऱ्याच्या खिशात. मग आरक्षणाचा फायदा काय?

महाराष्ट्रात पंचायतींत महिलांना ५० टक्के जागा २०११ पासून आहेत. त्याआधी १९९३ पासून एकतृतीयांश होत्या. नवरा ग्रामपंचायतीत खुर्ची टाकून बसतो हे अनेक गावांचं चित्र आहे, ते कायद्याला धरून नाही. बैठकीत सदस्य नसलेल्याने बसू नये, असा आग्रह कोणताही सदस्य धरू शकतो आणि ते इतिवृत्तात लिहून घेऊ शकतो.

पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या घरच्या बाईच्या बँक पासबुकाबद्दल मी विचारलं की विषय बदलतो. न्यूझीलंडने बायकांना मत १८९३ मध्ये दिलं. स्वित्झर्लंडने राष्ट्रीय पातळीवर दिलं ते १९७१ मध्ये. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि सुरुवात तिथेही राखीव जागांनीच झाली. पहिल्या खेपेला सही दुसरा करतो. दुसऱ्या खेपेला ती वाचून करते, हे मी दोन गावांत पाहिलं आहे.

१३. तिसरं लेकरू झालं, आता सदस्यकी जाईल का?

१२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली असतील तर ग्रामपंचायतीला अपात्रता येते. दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर अडचण नाही. ‘तिसरं भावाला दत्तक देतो’ ही पळवाट चालत नाही: ओडिशाच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिसरं मूल जन्मलं की अपात्रता आली असं सांगितलं. हरियाणाचा असाच नियम न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला होता. खासदार-आमदाराला हा नियम नाही. कायदा वरून खाली येताना जास्त कडक होतो, हे मलाही पटत नाही, पण अर्ज भरताना चालतो तो कायदा.

१४. दोघांले सारखीच मतं पडली तर?

ईश्वरचिठ्ठी. ग्रामपंचायतीत हे नवीन नाही, लहान पोराला बोलावून चिठ्ठी उचलायला लावतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २०१७ च्या निवडणुकीत एका जागेचा निकाल असाच भांड्यातून चिठ्ठी काढून लागला आणि सभागृहातलं बहुमतच त्या चिठ्ठीवर ठरलं. एका मताने हरलेलेही आहेत: राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले.

१५. माझं मत दुसराच कोणी टाकून गेला. आता?

‘टाकलं गेलं’ म्हणून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिका देतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. साध्या मोजणीत ते धरत नाहीत. निकाल अगदी काठावरचा असेल आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ती पाकिटं उघडू शकतात. शिवाय तुमच्या नावावर खोटं मतदान झाल्याची नोंद राहते, तीच मुख्य.

१६. हुकूमशहाच्या देशातही निवडणूक होते. मग खरी कोणती, खोटी कोणती?

आकडा फार चांगला आला की संशय घ्या. इराकमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दाम हुसेनला शंभर टक्के मतदानात शंभर टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा एवढं एकमत होत नाही.

मी स्वतः तीन गोष्टी बघतो. हरणारा जिवंत आणि मोकळा राहतो का? गांबियात २०१६ मध्ये बावीस वर्षांची सत्ता असलेले याह्या जामेह हरले, आधी निकाल मानला, मग नाकारला, शेवटी शेजारी देशांच्या दबावाने देश सोडून गेले. म्यानमारमध्ये नोव्हेंबर २०२० ची निवडणूक जिंकलेल्यांना लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला पकडलं. दुसरं, न्यायालय निकाल रद्द करू शकतं का? केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो केला. मलावीत २०१९ च्या निकालपत्रांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले सापडले, न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द केली आणि फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार जिंकला. आपल्याकडेही १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवड रद्द केली होती. पुढे काय झालं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

तिसरं, निवडणूक वेळेवर होते का? दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला, पण राष्ट्रीय निवडणुकीची तारीख पुढे पुढेच जात राहिली. आपण हसायचं कारण नाही. घटनेचं कलम २४३-ई पंचायतीची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या म्हणतं. तरी राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

१७. मानवी हक्क आयोगाकडं तक्रार कशी करायची? वकील लागते का?

वकील लागत नाही, फी नाही, साध्या कागदावर मराठीत चालते. राष्ट्रीय आयोग १९९३ पासून दिल्लीत आहे, राज्याचा मुंबईत. घटनेला एक वर्ष होण्याआधी अर्ज गेला पाहिजे. तारीख, जागा, कोणत्या सरकारी माणसाने काय केलं किंवा काय करायचं टाळलं, एवढं लिहा. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्याचं भांडण तिथे चालत नाही, तसे अर्ज परत येतात. कोर्टात चालू असलेलं प्रकरणही घेत नाहीत.

१८. तुरुंगातला माणूस निवडणूक लढतो, पण मत टाकू शकत नाही, हे खरं का?

खरं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) ने कैद्याला, कच्च्या कैद्यालासुद्धा, मत नाही. दोषी ठरून अपात्र झाला नसेल तर लढता मात्र येतं. २०२४ मध्ये बारामुल्लाहून इंजिनीअर रशीद तिहार तुरुंगात असताना लोकसभेवर निवडून आले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला टपाली मत आहे, हा अपवाद. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये आणि कॅनडात २००२ मध्ये तिथल्या न्यायालयांनी कैद्यांना मत दिलं.

१९. मेंढ्यासारखं सगळं एकमतानं ठरवलं तर मतदानाची गरजच काय?

मेंढा (लेखा), तालुका धानोरा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाचंही मन वळत नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. त्याला वेळ लागतो आणि ते वेळ देतात. अभ्यास गट बसतात, बाया बोलतात.

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसमध्ये मे महिन्यातल्या एका रविवारी लोक मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. दिसायला ग्रामसभाच. पण त्याच देशातल्या आपेन्झेल इनररोडनमध्ये अशाच मैदानातल्या पुरुषांनी बायकांना मत नको म्हणून वारंवार हात वर केले, शेवटी १९९० मध्ये न्यायालयाने ते द्यायला लावलं. हात वर करून ठरवताना कोणाचा हात कोण बघतो आहे, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सावकाराच्या शेतावर पोट असलेल्या गावात मी आधी गुप्त मत मागेन (प्रश्न ४), मग सर्वसहमती.

तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर आपल्या कायद्याने गणपूर्ती १५ टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. ती कागदावर झालेली असते. रजिस्टर मागा आणि अंगठे कोणाचे आहेत ते बघा.